चुलतभावाला नोटीस

भाडेकरूला घराबाहेर कसं काढावं, हा विषय मी कॉलेजात शिकवतो. दरवर्षी जर्दाळू फुलायच्या सुमारास तो धडा येतो, आणि त्या दिवशी वर्गातली झाडून सगळी पोरं जागी असतात, कारण समरकंदमध्ये शिकायला आलेलं प्रत्येक पोरगं कुणाच्या ना कुणाच्या घरात भाड्यानेच राहत असतं. घरमालकाचे हक्क, भाडेकरूचे हक्क, नोटीस, मुदत, हरकत, अपील, सगळं मला तोंडपाठ आहे. वकिली करणारे माझे जुने विद्यार्थी अजून अडलं की मला फोन करतात. असा मी, झोहिद दोमला, म्हणजे झोहिद सर, स्वतःच्या घरातल्या एका खोलीतून अकॉर्डियन वाजवणाऱ्या एका माणसाला बाहेर काढायला निघालो आणि माझं काय झालं, हे आता साऱ्या शहराला माहीत आहे. हल्ली तो धडा सुरू केला की मागच्या बाकावर खोकल्याची साथ येते. मी पुस्तकात डोकं घालतो.

माणसाचं नाव रोझिमबोय. ख्वारिझमकडचा. मुलांच्या संगीतशाळेत मास्तर. अंगाने दाराएवढा, पण बोलतो असा की शेजारी कुणाचं तान्हं निजलंय. आमची फाटकाजवळची खोली रिकामी होती, त्याला खोली हवी होती, आणि भाडं तो न मागता आणून देत होता. इथपर्यंत सगळं माझ्या पुस्तकातल्यासारखं चाललं होतं. घोळ घातला तो ओयीने, म्हणजे माझ्या आईने.

माझे वडील हेडमास्तर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण ओयीच्या लेखी ते अजून शाळेतूनच यायचे आहेत. 'हेडमास्तरांच्या घरात भाडेकरू? लोक म्हणतील, म्हातारा गेला आणि यांची चूल थंडावली,' हे तिचं म्हणणं. त्यामुळे शेजारच्या शराफत खालाने भिंतीवरून मान काढून विचारलं, "कोण गं आलंय फाटकाजवळच्या खोलीत?" तेव्हा ओयीने पापणी न हलवता सांगितलं, "आमचाच मुलगा. ह्यांचा भाऊ ख्वारिझमला गेला होता ना, त्याचा."

माझ्या वडिलांना भाऊ नव्हता. त्यांना चार बहिणी होत्या आणि त्याबद्दल ते आयुष्यभर कुरकुरत होते. पण शराफत खालाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याची होते, आणि एकदा मोहल्ल्याची झाली की ती खोटी ठरवायला वरचं कोर्टही पुरत नाही. रोझिमबोयला मी बाजूला घेऊन समजावलं. तो म्हणाला, "जशी तुमची मर्जी, अका. मला अका म्हणायला थोरला भाऊ नव्हताच."

ही व्यवस्था सुखाने चालली. तो ओयीला बाजारातून सामान आणून द्यायचा, द्राक्षाचा मांडव बांधायचा, संध्याकाळी तिची तरुणपणची गाणी वाजवायचा. त्याने लावे पक्षी पाळले होते. त्यांचे पिंजरे त्याने खोलीत टांगले, त्यातला एक बरोबर त्या खिळ्यावर, जिथे माझा मुलगा दोस्तोन सैन्यात असताना, त्याने निघताना रीतीप्रमाणे एक घास चावून ठेवलेला नान लटकत असे. परत आल्यावर दोस्तोनने तो दगडासारखा नान चहात बुडवून संपवला होता, आणि खिळा मोकळा होता. तेव्हा मला त्या खिळ्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

मग दोस्तोनचं लग्न ठरलं.

लग्न ठरणं ही आनंदाची गोष्ट असते असं ज्यांना वाटतं, त्यांना माझ्या विहीणबाई भेटलेल्या नाहीत. मावजुदा खाला कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. शिवण एक दोरा वाकडी असली की त्या अख्खा शर्ट उसवतात. बोलणी चालू असतानाच त्यांनी माझ्या बायकोच्या, मुकर्रमच्या, बाहीची शिवण दोन बोटांत धरून पाहिली. मग म्हणाल्या, "नव्या जोडप्याला खोली कुठली?"

"फाटकाजवळची," मी म्हणालो. "मोठी आहे, हवेशीर आहे."

"रिकामी आहे?"

"रिकामीच म्हणा."

"मग अंगणातली क्विन्सची फळं पिकली की मी येते. कपाट, गाद्या, पडदे सगळं आमच्याकडून यायचं, माप मीच घेईन. आणि दोमला, आधीच सांगते. माझी एकुलती एक मुलगी आहे. घर मला पसंत पडलं नाही तर बोलणी तिथेच संपली."

दोस्तोनचा चेहरा पडला. तो मुलगा असा आहे की तीन वर्षं त्या मुलीच्या गल्लीतून काही काम नसताना ये-जा करत होता. घरी येऊन तो मला एवढंच म्हणाला, "दादा, क्विन्स पिकायला फार दिवस नाहीत." तेव्हापासून अंगणातलं क्विन्सचं झाड मला वैऱ्यासारखं दिसायला लागलं.

पहिला उपाय पुस्तकातला होता. भाडेकरूशी समक्ष बोलावे. मी गळ्यापर्यंत बटणं लावून खोलीत गेलो. रोझिमबोय उठला, मला वरच्या जागी बसवलं, उशी दिली, चहा ठेवला, ताटात नान मोडला, ख्वारिझमहून आलेलं खरबूज कापलं. आता त्याचंच खरबूज तोंडात घालून त्यालाच घर सोड म्हणायचं कसं? खरबूज गोड होतं, हेही सांगायला हवं. मी दोन फोडी खाल्ल्या, हवापाण्याचं बोललो, आणि उरलेलं खरबूज काखेत घेऊन परत आलो.

"सांगितलंत?" मुकर्रमने विचारलं.

"सूचकपणे."

"तुम्ही शिकवता तरी काय हो कॉलेजात?" असं म्हणून तिने खरबूज कापायला घेतलं.

सूचकपणा हाच खरा तर आमच्या लोकांचा कायदा आहे. आमच्याकडे पाहुण्याच्या पियाल्यात घोट-दोन घोटच चहा ओततात. मान जितका मोठा तितका चहा कमी, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतायला निमित्त मिळतं. तोच पियाला काठोकाठ भरून पुढे केला की अर्थ एकच, आटपा आणि निघा. तान्ह्या पोरालाही हे कळतं. मी ठरवलं, न बोलता काम होतंय तर तोंड कशाला उघडा. दुसऱ्या दिवशी मांडवाखाली सगळे बसलेले असताना मी रोझिमबोयचा पियाला हातात घेतला आणि भरत गेलो. चहा काठाला आला. काठावर फुगला. मी तसाच उचलून त्याच्यापुढे धरला, निम्मा माझ्या बोटांवर सांडला, आणि मी हूं की चूं केलं नाही.

रोझिमबोयने पियाल्याकडे पाहिलं. मग माझ्या भाजलेल्या बोटांकडे. त्याचे डोळे भरून आले.

"ओयी," तो हळूच म्हणाला, "अकांना दिसेनासं झालंय."

कारण त्या भल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. झोहिद अका आपल्याला जा म्हणतील यापेक्षा झोहिद अका आंधळे झाले हे त्याला जास्त पटलं. ओयीने माझी पापणी वर करून बघितली. भिंतीवरून शराफत खालाची मान आलीच होती. दुसऱ्या दिवसापासून मोहल्ल्यातून गाजरं यायला लागली. किसलेली, उकडलेली, अख्खी, पाल्यासकट. कॉलेजातला शिपाई माझा हात धरून मला जिना उतरवून द्यायला लागला. मी सोडवून घेतला, तर तो म्हणाला, "राहू द्या दोमला, त्यात कमीपणा कसला?" आठ दिवस मी गाजरं खाल्ली. नजर आधीच चांगली होती, ती अजून चांगली झाली, आणि झाडावरची क्विन्सं पिवळी पडत चालल्याचं मला लांबूनही स्पष्ट दिसायला लागलं.

शेवटी मी लेखी नोटीस काढली. भाषा निर्दोष होती, आजही वर्गात नमुना म्हणून दाखवता येईल. सकाळी रोझिमबोयच्या हातात दिली. त्याने उभ्यानेच वाचली, घडी केली, डोळ्यांना लावली आणि म्हणाला, "जशी तुमची मर्जी, अका. दोस्तोनच्या लग्नासाठी ना? आधी बोलला असतात तर मी कालच गेलो असतो."

"मुदत आहे ना," मी म्हणालो. "कायद्याने मुदत आहे तुला."

"मला कशाला मुदत?" आणि त्याने पिंजरे काढून अंगणात मांडायला सुरुवात केली.

वाद घालणाऱ्या भाडेकरूचं काय करायचं हे पुस्तकात पानोपान दिलंय. हो म्हणणाऱ्याचं काय करायचं, यावर एक ओळ नाही. लावे उन्हात ओरडायला लागले. ओयी बाहेर आली, गाद्यांची वळकटी बघितली आणि मटकन बसली. भिंतीवरून आवाज आला, "अगं बाई! दोमला सख्ख्या चुलतभावाला घराबाहेर काढतोय!" आणि मान नाहीशी झाली. शराफत खालाचे गुडघे दुखतात, एरवी तिला दळण आणायला माणूस लागतो, पण मोहल्ल्याच्या कचेरीत त्या दिवशी ती टॅक्सीच्या आधी पोचली.

घरमालक-भाडेकरू तंटा असता तर तो कोर्टात गेला असता, आणि तिथे मी कुणाला हार गेलो नसतो. पण हा नातेवाइकांचा तंटा होता. नातेवाइकांचा तंटा मोहल्ल्याची समेट मंडळी मिटवतात, आणि मिटेपर्यंत उठत नाहीत. दुपारी आक्साकाल तुर्दी अता पाच-सहा म्हाताऱ्यांना घेऊन आले आणि मांडवाखालच्या मोठ्या बाजेवर मांड्या घालून बसले. आक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीवाला, मोहल्ल्याचा मुखिया. आमचे अता रोज दाढी करतात, पण मोहल्ल्याने निवडून दिलेत, त्यामुळे काही बोलता येत नाही.

"दोमला," अता म्हणाले, "हे काय ऐकतोय आम्ही?"

मी घसा साफ केला. "अता, कायद्यानुसार पाहिलं तर—"

"कायद्याचं कॉलेजात सांगा. इथे रक्ताचं बोला."

"रक्ताचाच प्रश्न नाही, अता. तो माझा चुलतभाऊ नाहीच."

 शराफत खालाने दोन्ही हात गालांना लावले. "ऐकलंत? नातंच नाकारलं!"

"रागात माणूस बोलून जातो," अता समजुतीने म्हणाले. "पण दोमला, मी तुमच्या काकाला पाहिलंय."

"माझ्या काकाला?"

"ख्वारिझमला गेला तो. स्टेशनवर त्याची पेटी मीच उचलून दिली होती. उमदा माणूस. नाक अगदी ह्याच्यासारखं." त्यांनी रोझिमबोयच्या नाकाकडे बोट दाखवलं, आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकाला तर काका माझ्या वडिलांपेक्षा बरं बुद्धिबळ खेळायचा हेही आठवलं.

मी ओयीकडे पाहिलं. ती रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होती. कधी जन्मालाच न आलेल्या दिरासाठी माझी आई मनापासून रडत होती.

"बरं," अता म्हणाले, "हा तुमचा चुलतभाऊ नाही, तर मग कोण आहे? सांगा ना."

आता 'भाडेकरू' एवढा एक शब्द उच्चारायचा होता. तो मी वर्षाला हजारदा उच्चारतो. पण तो उच्चारला असता तर हेडमास्तरांची बायको भर मोहल्ल्यात खोटी ठरली असती. ओयी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, ती स्वतःच्या हातांकडे बघत होती, आणि ते हात मला एकदम फार म्हातारे दिसले.

"चुलतभाऊच आहे," मी म्हणालो. "चुलतभाऊच."

"हां! मग गळाभेट घ्या."

रोझिमबोयची गळाभेट म्हणजे गादीखाली सापडल्यासारखं होतं. माझी टोपी पडली, ती म्हाताऱ्यांनी परत घातली, उलटी. समेट झाला की पुलाव आलाच, आणि तो थोरल्या भावाने स्वतः शिजवायचा. म्हणून मी, नोटीस बजावणारा घरमालक, धुराने डोळे चोळत भाडेकरूच्या मानार्थ कढईत मांस परतत उभा राहिलो. गाजरं घरात भरपूर होती.

आणि तेवढ्यात फाटक उघडून विहीणबाई आत आल्या. गळ्यात मोजायची फीत. मागे त्यांच्या दोन बहिणी.

"क्विन्स अजून पुरती पिकली नाही," मी कढईपाशीच म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

"रस्त्यावरून पिवळी दिसली," मावजुदा खाला म्हणाल्या. त्यांनी एकेक गोष्ट तपासायला सुरुवात केली. पिंजरे. वळकटी. अकॉर्डियन. बाजेवरचे म्हातारे. माझी उलटी टोपी. "हे कुणाचं सामान? खोली रिकामी आहे म्हणाला होतात ना?"

"दोमलाच्या चुलतभावाचं!" शराफत खालाने उत्साहाने सांगितलं. "सकाळी काढत होते त्याला घराबाहेर. आता मिटलं."

विहीणबाईंची फीत घेतलेली मूठ आवळली गेली. "लग्नाच्या तोंडावर भावाला बाहेर काढत होतात? जो माणूस रक्ताच्या भावाला नोटीस देतो, तो उद्या सुनेला काय देईल?"

दारात दोस्तोन उभा होता. त्याच्या हातात पुलावासाठी आणलेला लसूण होता, आणि तो माझ्याकडे बघत होता. चुलतभाऊ आहे म्हणावं तर मी निष्ठुर ठरत होतो आणि मुलाचं लग्न मोडत होतं. भाडेकरू आहे म्हणावं तर आई खोटी, घर खोटं, लग्न तरीही मोडत होतं. कायद्याची सगळी पुस्तकं आठवून झाली. एकातही माझी सुटका नव्हती.

तेव्हा रोझिमबोय उठला. त्याने छातीवर हात ठेवला आणि त्याच्या त्या शेजारी तान्हं निजल्यासारख्या आवाजात बोलला.

"खाला, मला कोण काढणार? मीच निघालोय. पुतण्याचं लग्न, आणि काका काय रिकाम्या हाताने येईल? माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नाही. ही खोली आहे, तीच देतोय. अका तर जाऊ नको म्हणून सकाळपासून रागावलेत."

 मला धूर फारच लागला.

"आणि तुम्ही कुठे जाणार?" विहीणबाईंनी विचारलं. आवाज थोडा उतरला होता.

 रोझिमबोय लाव्यांचे पिंजरे गोळा करायला लागला.

"जातोय कुठे?" शराफत खाला ठसक्यात म्हणाली. "माझी माडीवरची खोली धूळ खात पडलीय. दोमलाचा भाऊ तो माझा कुणीच नाही का?" पुढे मला कळलं की ती त्याच्याकडून भाडं घेते, आणि माझ्यापेक्षा जास्त घेते. मोहल्ल्यात मात्र तिने तो आपल्या मावशीच्या नणंदेचा मुलगाही लागतो असं सांगून ठेवलंय.

रोझिमबोयने वळकटी खांद्यावर घेतली. तो फाटकापाशी पोचतोय तोच ओयी स्वैपाकघरातून आली, हातात त्या सकाळचा ताजा नान.

"चाव," ती म्हणाली.

"ओयी," मी हळूच म्हणालो, "हे परगावी जाणाऱ्यांसाठी असतं. तो भिंतीपलीकडे चाललाय."

"तू पुलाव बघ, करपतोय. घरातून माणूस उठून गेला की तो लांबच गेला."

त्याने वाकून एक घास चावला. ओयी तो नान घेऊन तडक खोलीत गेली आणि रिकाम्या झालेल्या खिळ्यावर टांगून आली. परत येऊन तो संपवेपर्यंत त्याचा या घरातला घास शिल्लक, हे काही कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

विहीणबाईंनी खोलीचं माप घेतलं. लांबी ठीक निघाली, रुंदी ठीक निघाली, पण कपाटाची उंची बरोबर त्या खिळ्याला आडवी येत होती. "खिळा उपटतो," मी लगबगीने म्हणालो.

"नानाला हात लावून बघा!" त्या कडाडल्या. मग फीत गुंडाळत बहिणींना म्हणाल्या, "कपाट बुटकं करू. गेलेल्या माणसाचा नान जिथे टांगून ठेवतात, तिथे मुलगी द्यायला हरकत नाही." माझ्याकडे वळून त्यांनी एवढंच पुढे जोडलं, "टोपी सरळ करा, दोमला."

लग्न झालं. रोझिमबोयने असं अकॉर्डियन वाजवलं की विहीणबाई नाचल्या, आणि तुर्दी अतांना माझा काकाही असाच वाजवायचा हे आठवलं. सून मोहिरा घरात आली. सगळं छान झालं, आणि मला काही चैन पडेना.

संध्याकाळी मांडवाखाली बसलं की भिंतीपलीकडून लावे ओरडायचे. त्याचे विद्यार्थी तिकडे बेसूर वाजवायचे आणि मला इथे बसून चूक कळायची. तो रस्त्यात भेटला की अदबीने सलाम करायचा, पण घरात पाऊल टाकायचा नाही. मुकर्रमने बोलावलं, दोस्तोनने बोलावलं, तर म्हणायचा, "येईन ना." मला कारण ठाऊक होतं. आला की ओयी नान काढणार, तो संपवणार, आणि मग त्याचं या घरात काहीच उरणार नाही. मला तो आठवायचा, हे सरळ सांगतो. घरमालकाला गेलेला भाडेकरू आठवणं हे माझ्या विषयात बसत नाही, पण आठवायचा.

शेवटी ओयीने स्वतः भिंतीवरून हाक मारली. शुक्रवारी तो आला, धुतलेला सदरा घालून, नवी टोपी घालून, पाहुण्यासारखा. ओयीने नान आणला. तो इतका वाळला होता की तो ताटात ठेवल्याचा आवाज तुर्दी अतांनी ऐकला असता तर दार वाजलं म्हणाले असते. रोझिमबोय एकेक तुकडा मोडून चहात भिजवत खायला लागला. सावकाश खात होता. तरी नान लहान होत चालला होता, आणि ओयीने तोंड फिरवलं होतं.

त्याचा पियाला रिकामा झाला. चहा ओतायचं काम सुनेचं. मोहिराने किटली उचलली, ती मी तिच्या हातातून घेतली. पियाला जवळ ओढला आणि त्यात तळाशी अगदी एवढासा, घोटभर चहा ओतला. दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरला.

रोझिमबोयने पियाल्यात पाहिलं.  मग हातातला शेवटचा तुकडा त्याने न भिजवता तसाच ताटात परत ठेवला.

"अका," तो म्हणाला, "डोळे बरे झाले वाटतं."